अंगठा बाहेर होता म्हणून मिळालेलं घर

पार्सिपनीच्या महाराष्ट्र मंडळात आम्ही गेलो की जेवणाच्या रांगेतच कुणीतरी पकडतं. "काय संजय, गावाकडचं नवीन काय?" म्हणजे माझ्या कोल्हापूरकडचं नाही हं! व्हर्माँटमधल्या त्या छोट्या गावाचं, जिथे चार वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं. मी एक किस्सा सांगायला जातो, मंजिरी मधेच दुसरा काढते आणि श्रीखंड संपलं तरी आमचं संपत नाही. पुढच्या खेपेपर्यंत आणखी चार साठलेले असतात.

* * *

घर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. "अरे, तिथे कोथिंबीर मिळते का?" हा पहिला प्रश्न. दोघांचंही काम घरून, मग पार्किंगसाठी भांडत अपार्टमेंटमध्ये कशाला राहायचं, हे आमचं म्हणणं कुणाला पटेना.

एजंटबाईंनी पहिलं घर दाखवलं. मंजिरी पुण्याची, तिने आधी पाण्याची चौकशी केली.

"पाणी कुठून येतं?"

"जमिनीतून. विहीर आहे."

"आणि सांडपाणी जातं कुठे?"

"जमिनीत. टाकी आहे."

मंजिरी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "या दोन्हींची आपापसात ओळख नाही ना, एवढं विचार!"

* * *

मनात भरलं ते चौथं घर. पांढरं, लाकडी, मागे सफरचंदाची तीन झाडं. मालकीणबाई डोरोथी, वय चौऱ्याऐंशी. मुलीकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या, पण घर बघायला येणाऱ्यांसमोर स्वतः खुर्ची टाकून बसायच्या. एजंटने आधीच सांगितलं होतं, "तुमच्यापेक्षा मोठ्या दोन ऑफर्स आल्या आहेत. फार आशा ठेवू नका."

आम्ही गेलो. सवयीने दारातच बूट काढले. आणि माझ्या लक्षात आलं, उजव्या मोज्याला भोक पडलंय आणि अंगठा अख्खा बाहेर! मी तो पाय दुसऱ्या पायामागे लपवत, बगळ्यासारखा उभा राहून सगळं घर पाहिलं. परत येताना मंजिरी गाडीतच फोनवर दुसरी घरं शोधायला लागली. घर हातचं गेलं, हे दोघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "घर तुमचं!"

"कसं काय?"

"ते फ्लोअर डोरोथीच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने घातलंय. बाकी सगळे त्यावरून चिखलाचे बूट घेऊन फिरले. ती म्हणाली, ज्याचा अंगठा बाहेर होता त्याला द्या!"

मंजिरी किचनमध्ये उभी होती. मी सांगितलं तर ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "तो मोजा टाकू नकोस."

* * *

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी टेन्शनमध्ये. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर माझ्याकडे बघून हात करायचा. मला वाटलं, टायर पंक्चर आहे. तीन वेळा गाडी थांबवून उतरलो, चाकं तपासली. चौथ्या वेळी पोस्टातल्या बाई थांबल्या. "काही मदत हवी?"

"सगळे मला हात का करतायत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून!"

* * *

बर्फ वितळला की तिथे कच्च्या रस्त्यांचा नुसता चिखल होतो. आमची गाडी घरापासून शंभर पावलांवर रुतली ती रुतलीच. शेजारचा वॉल्टर ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "यप." गाडी बाहेर काढली. मी दहा वेळा थँक्यू म्हटलं. "यप." गेला.

होळी जवळ आली होती. मंजिरीने डबाभर पुरणपोळ्या नेऊन दिल्या. तीन दिवसांनी वॉल्टर दारात. डबा घासूनपुसून लख्ख, आत डझनभर अंडी. डबा माझ्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला. मी वाट बघतोय, तोही वाट बघतोय.

शेवटी वॉल्टर म्हणाला, "मोअर?"

* * *

माझा मित्र, मूळचा नागपूरचा प्रशांत, वीकेंडला आला. दुपारी पंख्याखाली सोफ्यावर लोळत होता. आमची अकरा वर्षांची ईशा मागच्या दारातून ओरडली, "प्रशांतकाका, देअर इज अ बेअर ऑन द डेक!"

डोळे न उघडता तो म्हणाला, "थंड असेल तर मलाही एक आण गं!"

मग त्याने डोळे उघडले. काचेच्या दारापलीकडे, लाकडी ओट्यावर, अस्वल पक्ष्यांचे दाणे खात बसलं होतं. तेव्हापासून प्रशांतने बिअर सोडलीय, असं त्याची बायको सांगते.

* * *

आता सगळ्यात भारी. मार्चमध्ये गावाची सभा असते. सगळं गाव हॉलमध्ये जमतं आणि तिथल्या तिथे तोंडी मत देऊन, होकाराला 'आय' ओरडून, निर्णय घेतं. या वर्षी प्रश्न होता गावाच्या लायब्ररीचा. दोन खोल्यांची लायब्ररी, येणारे कमी, ती चालू ठेवायची की नाही? मंजिरी दर शनिवारी तिथे फुकट काम करते. आम्ही नुकतेच सिटिझन झालो होतो, म्हणजे आमची ही पहिलीच सभा. माझी आई आली होती, तिलाही नेलं. "आये, इथं मागं बस," म्हणून शेवटच्या रांगेत बसवलं. नऊवारीवर माझं जाड जॅकेट, डोक्यावरून पदर. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. जरा वेळाने तिचा डोळा लागला.

चर्चा लायब्ररीच्या विरोधात चालली होती. मंजिरी उठली. हातातला कागद तिने घडी करून ठेवूनच दिला.

"अपार्टमेंटमध्ये मी सहा वर्षं राहिले. शेजाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं. इथे मला तुमची सगळ्यांची नावं माहीत आहेत, कारण तुमची पुस्तकं मी देते. ही लायब्ररी नसती, तर मी अजून तुमच्यासाठी त्या पांढऱ्या घरातली बाईच राहिले असते."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "लायब्ररी चालू ठेवायच्या बाजूने जे असतील, त्यांनी 'आय' म्हणा."

"आय!"

हॉल असा दणाणला, की विरोधी मत विचारायच्या आधीच निकाल कळला. मंजिरीने तोंडावर हात धरला. आणि मागच्या रांगेत माझी आई दचकून जागी झाली, उभी राहिली, पदर सारखा केला आणि दोनशे गोऱ्या माणसांना खणखणीत आवाजात म्हणाली,

"काय रं लेकरांनो?"