मिस्त्रींचा ऑर्गन

"आधी वारा बघा," असं ते म्हणायचे. कँटीनचा स्टोव्ह भडकला, कुणाची सायकल जड चालायला लागली, कुणाच्या नव्या सुनेचं घरात जमेना, पहिलं वाक्य हेच. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला सगळं जग एकाच यंत्रासारखं दिसतं. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती.

त्यांचं यंत्र म्हणजे चिंचवडजवळच्या लहानशा चर्चमधला, भात्याच्या वाऱ्यावर वाजणारा पाइप ऑर्गन. मी बौद्ध, चर्चशी माझा काही संबंध नव्हता. पण गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची आणि सूर जुळवताना भाता हलवायला त्यांना माणूस लागायचा.

"गायकवाड, हात एकसारखा चालू द्या. दम लागला तर सांगा. ऑर्गनचा मला कळतो, तुमचा कळायचा नाही."

ऑर्गनची ओळख ते घरी आलेल्या पाहुण्याची करून द्यावी तशी करून द्यायचे. विलायतेहून बोटीने आला, गोऱ्या शिपायांच्या चर्चसाठी. पलटण गेली आणि तो बैलगाडीतून इथे पोचला. कीबोर्ड एकच. पायाने वाजवायच्या पट्ट्या नाहीत. बाजूला चार खुंट्या. एक ओढली की नळ्यांची एक ओळ बोलायला लागायची. मोठ्या नळ्या लाकडी, बाकीच्या कथील-शिशाच्या, सगळ्यांत लहान करंगळीएवढी. हे सगळं त्यांनी मापांसकट, आकृत्या काढून एका वहीत लिहून ठेवलं होतं.

वाजवता मात्र त्यांना येत नसे. वाजवायची त्यांची बायको, ती शाळेत शिकवायची. ती गेल्यावर रविवारी कुणीतरी जमेल तसं वाजवायचं, पण यांचे गुरुवार चुकले नाहीत.

"आता कशाला एवढं?" मी एकदा विचारलं.

"खोटा सूर लागला की तिचं डोकं दुखायचं," ते म्हणाले आणि पुढच्या नळीला कान लावला.

पुढे चर्चचं छप्पर गळायला लागलं. पाणी ऑर्गनवर पडायचं. त्याच सुमारास एक मध्यस्थ आला. डोंगरावरच्या एका शाळेला ऑर्गन हवाय म्हणाला. चर्चच्या बैठकीत सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. शेवटी पहिला हात त्यांनीच वर केला. "इथे भिजून मरेल. तिथे मुलं तरी गातील."

ऑर्गन उतरवायला आम्हाला दोन गुरुवार लागले. प्रत्येक नळीला नंबर घालून त्यांनी ती बायकोच्या जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळली. वही वरच्या खोक्यात ठेवली. "जोडणाऱ्याचं अडायला नको."

काही महिन्यांनी रजा काढून ते त्या शाळेत गेले. नव्या जागी सूर उतरले असतील, म्हणून. शाळेत ऑर्गन नव्हता. शाळेने तो कधी मागवलाच नव्हता.

मग आम्ही दोघांनी शोध घेतला. चाकण रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याच्या शेडपर्यंत पोचलो. नळ्या वितळवून झाल्या होत्या. लाकडाची कपाटं झाली होती. माणूस वाईट नव्हता, त्याला मध्यस्थाने विकलं ते त्याने घेतलं. त्याने कोपऱ्यातली वही झटकून पुढे केली. "ही तुमची का, बाबा? कापडं होती, ती पोरांनी हात पुसायला घेतली."

मिस्त्रींनी वही घेतली. वहीची दुमडलेली पानं सरळ करत ते बसथांब्यापर्यंत आले. तिथे म्हणाले, "गायकवाड, हात मी वर केला होता."

मी खूप समजावलं. त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर ते दर रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, पण गायचे नाहीत, असं पाळकसाहेब मला सांगायचे.

रिटायर झाल्यावर दोनच वर्षं ते जगले. दफनाला मी गेलो. गीत सुरू झालं, पण कुणीतरी सूर फार वरचा धरला होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्ध्या लोकांचा आवाज पोचेना. एकेक जण थांबत गेला. शेवटी एक म्हातारी तेवढी डोळे मिटून, फाटक्या आवाजात गात राहिली, आणि आम्ही माती लोटायला घेतली.