काकूने शेपूट ठेवलं नाही

आमच्या गल्लीत आज काही बोलायचं तर ओरडावं लागतं, इतका मागांचा खडखडाट असतो. नव्याने आलेल्या कुणी कानांवर हात ठेवले, की मी त्याला सरळ काकूचं घर दाखवते. घरोघरी जे कापड विणतात ते तिच्या डोक्यातून निघालेलं आहे, तेव्हा भांडायचं तर तिच्याशी भांडा.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका काठ विणण्यात पटाईत. वीतभर रुंद, गडद, जड काठ. ते विणायला बसले की असा रुबाब, की माश्यांनीसुद्धा परवानगी घेऊन बसावं. पण तसलं जड कापड अंगावर घेणारी माणसं हळूहळू उरली नाहीत, दुकानदार नाक मुरडू लागले आणि गल्लीतल्या एकेका मागाचे पलंग आणि टेबलं झाली. शेवटी काकांनीही सुताराला शब्द दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

मागावर तेव्हा एका कापडापुरते उभे धागे उरले होते.

"तेवढे मी विणते," काकू म्हणाली, "मग खुशाल द्या माग."

आणि तिने पेटीतून चिंध्यांचा गठ्ठा काढला. आमच्याकडे कापड संपलं तरी उभ्या धाग्यांची टोकं मागातच ठेवतात आणि नवे धागे त्यांना गाठी मारून पुढे ओढून घेतात. त्या टोकांना आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट असलं की माग जिवंत. जोडाच्या जागी जुने-नवे रंग एकमेकांत घुसतात, तो तुकडा कुणी विकत घेत नाही, त्याने फरशी पुसतात. काकू मात्र असे तुकडे धुऊन, घडी घालून जपत आली होती. कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं.

तिने ते समोर टांगले. आधी मातकट पिवळा विणला, मग त्यात एखादा हिरवा धागा, मग आणखी थोडे.

"काठ कुठाय?" काकांनी विचारलं.

"नाहीये."

"अगं, बिनकाठाचं कापड म्हणजे फरशीचं फडकं!"

"त्यावरूनच तर घेतलंय," म्हणत काकूने आडव्या धाग्याचा धोटा फेकला.

सुतार आला त्या सकाळी तिने कापड नुकतंच दोरीवर टाकलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले. पिवळा कुठे संपला, हिरवा कुठे सुरू झाला, बोट ठेवून सांगता येईना. वारा आला की रंग या टोकाकडून त्या टोकाकडे चालत निघायचे. असं काही आमच्या घरात, त्या काळपट खोलीत तयार झालं यावर माझा विश्वास बसेना. मला चक्क रडू आलं. सुताराने करवत खाली ठेवली आणि विचारलं, "माझ्या मुलीसाठी असं एक मिळेल?"

काका आत गेले. पाठोपाठ आरोळी आली, "शेपूट कुठाय?"

आम्ही धावलो. माग पार रिकामा. रंगांच्या नादात काकूने शेवटची टोकंसुद्धा ओढून घेऊन कापडाला झालर वळली होती.

"अक्कल गहाण टाकलीस का? आता नवे धागे कुठल्या टोकांना बांधू मी? एकेक धागा पहिल्यापासून ओवायचा म्हणजे डोळे फुटायची वेळ!"

काकू ओशाळली. मग हळूच म्हणाली, "अहो, पण तुम्ही माग देऊन टाकणार होता ना?"

दारात सुतारही उत्तराची वाट बघत उभा होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मागापुढे बसकण मारली.

"पहिला रंग कुठला घ्यायचा?" त्यांनी काकूला विचारलं.

आख्ख्या संसारात कापडाबद्दल त्यांनी तिला काही विचारलं, ते हे पहिल्यांदा.