खोकेबाईंचं दुसरं कार्ड

आमच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं खोकेबाई म्हणायची. आम्ही स्टाफरूममधलेही म्हणायचो, फक्त पाठीमागे. घरी त्यांच्या टेबलाखाली बुटांची सात जुनी खोकी होती आणि त्यांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. प्रत्येक कार्डावर गणितातला एक सान्त, म्हणजे मोजून संपणारा गट. मी भौतिकशास्त्रवाला. हे प्रकरण काय आहे, ते त्यांनी मला चहाच्या टेबलावर एक पुठ्ठा घेऊन समजावलं होतं.

चौरस पुठ्ठा पाव पाव फेरा फिरवत गेलं, तर चौथ्या खेपेला तो मूळ जागी येतो. काहीच न करणं धरून चार हालचाली. आयताकृती पुठ्ठा आडवा उलटा, उभा उलटा किंवा अर्धा फेरा फिरवा. याही तशाच चार. पण यातली कुठलीही हालचाल दोनदा केली की पुठ्ठा जागेवर. हालचालींचा असा संच म्हणजे एक गट. दोन्ही गट चाराचेच, तरी कोण कितव्या खेपेला परततं एवढं मोजलं की वेगळे ओळखू येतात. ‘गटाच्या आत शिरायची गरजच नाही,’ बाई म्हणाल्या, ‘नीट मोजलं की झालं.’

असे नऊ आकडे त्यांनी ठरवले होते. शंभरापर्यंतच्या कुठल्याही गटाचे ते नऊ आकडे सांगा, मी गट ओळखते, हा त्यांचा दावा आणि हाच प्रबंध. अकरा वर्षं त्यात गेली. नोकरी हंगामी होती. प्रबंध मंजूर झाला तर ती कायम होणार होती. वय त्रेचाळीस, यापुढे संधी नव्हती.

नवरा गेल्यापासून बाई आणि त्यांची थोरली नणंद एकत्र राहायच्या. वन्सं पुढच्या खोलीत कोट शिवायच्या. दोघींचं पटतं, यावर स्टाफरूममध्ये कुणाचा विश्वास नव्हता.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते, त्या रविवारी मी शुद्धलेखन तपासायला त्यांच्याकडे बसलो होतो. वन्सं मापांची चिठ्ठी हातात घेऊन पुढच्या खोलीतून वैतागत आल्या.

‘अगं, माझं डोकं फिरलंय. दोन गिऱ्हाइकांची मापं तंतोतंत सारखी. म्हटलं, एकच चिठ्ठी दोनदा लिहिली गेली असेल. एक टाकून दिली आणि एकाच बेताने दोन्ही कोट कापले. एकाला बसला. दुसरा पोक काढून चालतो, त्याच्या पाठीत नुसता फुगा!’

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

‘वन्सं,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही मापं कशावर लिहिता?’

‘तुझ्याच कार्डांच्या पाठीवर की! नऊच्या नऊ आकडे जुळले, दोनदा लिहिलं गेलं, म्हणून तूच आणून देतेस ना मला?’

बाईंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी घेऊन उलटली. चौसष्टाचा गट. खोक्यातून तसंच कार्ड काढून शेजारी ठेवलं. नऊ आकडे सारखे. पण खाली पेन्सिलीने गट कसा बांधला ते लिहिलं होतं, आणि दोन्हींवरची बांधणी निरनिराळी होती. एकच गट दोन रीतींनी बांधला गेलाय, असं बाईंनी तेव्हा धरलं होतं. बाई संध्याकाळपर्यंत त्या दोन कार्डांशी झटल्या. मी बांधणीतच कुठे चूक सापडावी म्हणून मनोमन देवाला साकडं घातलं, खोटं कशाला सांगू! गट खरोखरच दोन निघाले. आपला दावा मोडणारा पुरावा बाईंनी स्वतःच्या हाताने नणंदेला चिठ्ठ्यांसाठी दिला होता.

सोमवारी त्या मार्गदर्शक सरांकडे गेल्या, मीही बरोबर होतो. सरांनी चष्मा पुसला.

‘जाऊ द्या हो. परीक्षक त्या पानापर्यंत पोचायचे नाहीत.’

‘मी पोचलेय ना सर.’

त्यांनी प्रबंध मागे घेतला. दोन महिन्यांनी ती जागा दुसऱ्याला मिळाली. आम्ही स्टाफरूममध्ये त्याचे पेढे खाल्ले. मीही खाल्ले, आणि संध्याकाळी तोंड लपवतच बाईंकडे गेलो.

वन्सं मशीन बंद करून बसल्या होत्या. ‘मी तेव्हा तोंड उघडलं नसतं, तर तुझी नोकरी पक्की झाली असती, नाही का गं?’

‘हो,’ बाई म्हणाल्या.

‘रागावलीस?’

‘दोन दिवस रागावले होते. तुम्हाला कळू दिलं नाही.’ त्यांनी टेबलावरची जागा मोकळी केली. ‘आता तुमचा चिठ्ठ्यांचा डबा आणा. अकरा वर्षांत मी अशी किती कार्डं दिली तुम्हाला, ते बघू दे.’

वन्संनी पलंगाखालून एक डबा ओढला. मग दुसरा. मग पदर खोचून खाली बसल्या आणि तिसऱ्यासाठी हात आत घातला.