मालकाचा हात ओळखणारी बंदूक

आमच्या आंबेखोल गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका दोनच. एक भिकाजी घाडीची, दुसरी गुरुदास राऊळची. दोघांच्या वडिलांनी त्या एकाच दिवशी, कोल्हापुरातल्या एकाच दुकानातून घेतल्या. त्यामुळे दोन्ही दिसायला अगदी एकसारख्या. एकनळी, ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची आणि गजाने ठासायची. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत रानडुक्कर उरलेलं भात निवांत खाऊन घरी जाऊ शकतो. तरी परवाना तो परवाना. दोघेही तो आधार कार्डापेक्षा जपून ठेवतात.

मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त आहे. निम्म्या गावाचे अर्ज लिहून देण्याचा उद्योग माझ्या मागे लागला आहे. बंदुकांची मला अजिबात आवड नाही. पण भिकाजी माझा शेजारी. त्याच्या मुलाने त्याला मोबाईल पाठवल्यापासून जगातल्या कुठल्या कारखान्यात कुठली नवी बंदूक निघाली, हे मला सकाळच्या चहाआधी कळतं.

"मास्तरानू, बघलात? आता बंदुकेचो सांगाडो प्लॅस्टिकचो करतत. उचललो तर हातात कायच नाय असा वाटता."

दुसऱ्या दिवशी, "आता प्रिंटर इलो हा. कागदाचो न्हय, लोखंडाचो. भुकटी घातली की बंदुकेचो भाग छापून भायर येता."

"आमच्या पंचायतीच्या प्रिंटरातसून रहिवासी दाखलो भायर येणा नाय," मी म्हणालो, "आणि तू बंदुको छापतंस!"

पण भिकाजीला टोमणा लागत नाही. तिसऱ्या दिवशी तो दुर्बीण घेऊन आला. म्हणजे मोबाईलवर. वारा कुठून येतो, नेम किती लांब आहे, याचा हिशोब ती दुर्बीणच करते म्हणे. माणसाने नुसतं बोट दाबायचं. आणि या सगळ्यांत त्याची लाडकी होती ती परदेशात निघालेली शहाणी बंदूक.

"ती मालकाचो हात ओळखता, मास्तरानू! बोटाचो ठसो बघता, तोंडसुद्धा बघता. दुसऱ्याच्या हातात गेली तर उडणाच नाय. ह्येका म्हणतत सुधारणा."

सुधारणा हा भिकाजीचा रोगच. स्वतःच्या बंदुकीवरही त्याने त्या केल्या. दस्त्याला मोटारसायकलच्या सीटचा स्पंज बांधला, धक्का बसू नये म्हणून. सायकलच्या ट्यूबचा पट्टा लावला. नळीखाली चिंध्या गुंडाळल्या, त्या कशासाठी ते त्यालाही नीट सांगता येत नाही. सावित्रीवहिनी, त्याची बायको, म्हणते, "इतक्यो चिंध्यो माझ्या गोधडीत आसत्यो तर थंडी तरी जायत."

एवढं करून नेमाचं काय? तेही सांगतो. आमच्या गावात दसऱ्याला सोनं लुटून झालं की देवळामागच्या आंब्याला नारळ टांगतात आणि परवानेवाले एकेक बार काढतात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात नारळ फोडण्याचा उल्लेख नाही, पण नारळ हेही पीकच आहे, असं आमच्या पोलीस पाटलांचं मत आहे. जो फोडेल त्याला नारळाची अर्धी कवड मिळते, ती तो हळदकुंकू लावून वर्षभर दारावर टांगतो. पंधरा दसरे ही कवड गुरुदासच्या दारावर होती. गुरुदास अबोल माणूस, काजूच्या बागेत राबणारा. वर्षातून एकदाच सगळं गाव त्याच्याकडे बघायचं, तेव्हा तो लाजून चप्पल शोधायला लागायचा.

आणि भिकाजी? एका वर्षी त्याने आंब्याच्या डावीकडच्या माडाची दोन शहाळी पाडली. एका वर्षी डावीकडचा दिव्याचा बल्ब गेला. एकदा पाटलांची छत्री, तीही डाव्या बाजूच्या कुंपणावर वाळत घातलेली. तेव्हापासून भिकाजी पुढे आला की सगळं गाव मुकाट उजवीकडे सरकतं. तो दरवेळी वाऱ्याला शिव्या देतो.

हे असंच चालायचं, पण मधे लोकसभेची निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ठाण्यात भिकाजीला सांगितलं, बंदूक ठेवा, हा भंगार बाजार घरी न्या. त्याने स्पंज, ट्यूब, चिंध्या पिशवीत भरून परत आणल्या. जूनमध्ये बंदुका परत मिळाल्या, तेव्हा मी बरोबर होतो. हवालदार एकेक नंबर वाचून द्यायला लागला, तर हे दोघे म्हातारे भडकले.

"नंबर कित्याक होयो?" भिकाजी म्हणाला. "स्वतःच्या पोराक कोण नंबर बघून घरी नेता?"

गुरुदासनेही मान हलवली. दोघांनी हात घालून आपापली बंदूक उचलली आणि रुबाबात बाहेर पडले. घरी येताच भिकाजीने सगळ्या सुधारणा पुन्हा चढवल्या.

त्या दसऱ्याला गुरुदासचा बार डावीकडच्या माडाला लागला. लोकांना वाटलं, होतं कधीकधी. मग भिकाजी पुढे आला, गाव उजवीकडे सरकलं, आणि पहिल्या बारात नारळाची दोन शकलं झाली! भिकाजी स्वतःच वळून मागे बघायला लागला, आणखी कुणी बार काढला की काय. पुढचे आठ दिवस त्याने गावाला स्पंजाचं शास्त्र शिकवलं. दारावर कवड लटकली आणि तिच्याखाली खुर्ची टाकून तो बसायला लागला.

त्याच आठवड्यात गुरुदास माझ्याकडे आला.

"मास्तरानू, एक अर्ज लिवून देवा. परवानो परत करतंय."

"कित्याक रे?"

"डोळे गेले." त्याने खिशातून दोन चष्मे काढून माझ्यासमोर ठेवले. "पावसात डब्यावर नेम धरून बघलंय, लागणा नाय. ह्यो चष्मो केलंय, नाय. मगे दुसरो केलंय. आता दसऱ्याक सगळ्यांनी बघल्यानी. माझ्या हातात बंदूक म्हणजे लोकांका धोको." मग त्याने हात पुढे केला. "बघा, थरथरता काय?"

हात दगडासारखा स्थिर होता. तसं मी म्हणालोही.

"मगे डोळेच," तो म्हणाला.

मी अर्ज लिहून दिला. गेली चाळीस वर्षं अर्ज लिहितोय, पण या अर्जाने मला वाईट वाटलं. बंदुकीचा नंबरही मीच त्याच्या परवान्यावरून उतरवला. शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस.

चार दिवसांत विधानसभेची निवडणूक लागली. पुन्हा बंदुका जमा करा. भिकाजी बंदूक घेऊन फॉर्म भरायला माझ्या पडवीत आला. मागच्या खेपेला झालेला आरडाओरडा आठवून मी म्हटलं, या वेळी नंबर मी स्वतः बघणार. नळीखालच्या चिंध्या सोडल्या, टॉर्च मारला. शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस. भिकाजीच्या परवान्यावर सत्तेचाळीस.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग भिकाजीला वाचायला लावलं. त्याने तीन वेळा वाचलं आणि पडवीच्या पायरीवर बसला.

"म्हणजे ही गुरग्याची?"

"त्याची. आणि तुझी त्याच्याकडे. त्याचे डोळे गेलेले नाहीत रे, तुझ्या बंदुकीची नळी डावीकडे वाकडी आहे. आणि तो उद्या परवाना परत करतोय. अर्ज मीच लिहिलाय."

जे बोललो ते मालवणीत नाही, शाळेतल्या मराठीत बोललो. मी चिडलो की असंच होतं.

भिकाजीने हातातला मोबाईल खिशात ठेवून दिला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. मग हळूच म्हणाला, "मास्तरानू, उद्या रिक्षात दोनय बंदुको चादरीत गुंडाळलेल्यो आसतल्यो. चादरी बदलल्यो तर? माझी माका येतली. तेची थंय जमा होतली. ठाण्यात नंबर जुळतले, कोणाक कायच कळाचा नाय."

कळणार नव्हतं, हे खरं. गुरुदास आपली स्वतःची चांगली बंदूक कायमची देऊन टाकणार, स्वतःला आंधळा समजून उरलेलं आयुष्य काढणार, आणि भिकाजीच्या दारावरची कवड तशीच राहणार. मला इतका राग आला की मी उठून आत गेलो आणि फॉर्म पायरीवरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी जितेंद्रच्या रिक्षात आम्ही तिघे मागे बसलो. गुरुदास एका कडेला, मी दुसऱ्या, मधे भिकाजी. दोघांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेल्या बंदुका. गुरुदासच्या सदऱ्याच्या खिशातून माझा अर्ज डोकावत होता. फोंडाघाटचा बाजार आला तरी मोबाईलची एकही बातमी निघाली नाही, तेव्हा जितेंद्रला राहवलं नाही.

"काय भिकाजीकाका, मोबाईलात नवीन काय इला?"

भिकाजीने घसा साफ केला. "नवीन म्हणजे... ती शहाणी बंदूक. मालकाचो हात ओळखता. दुसऱ्याच्या हातात गेली तर..."

आणि तिथेच तो थांबला. रिक्षा तीन वळणं गेली. मी मुद्दाम बाहेर बघत होतो.

"बंदूक मालकाक ओळखता रे," तो म्हणाला, "आणि आमी मालक असे, की आमका आमची बंदूक ओळखूक येवक नाय. गुरग्या, ती तुझी न्हय. तुझी ही."

त्याने मांडीवरची बंदूक गुरुदासच्या मांडीवर ठेवली, फुलाफुलांच्या चादरीसकट. गुरुदासला काही कळेना. मी नंबर सांगितले, जूनमध्ये हात घालून उचललेल्या बंदुकांची आठवण करून दिली. त्याने चादर सोडली, नंबर स्वतः वाचला. चष्म्याशिवाय वाचला. मग भिकाजीकडे वळला.

"म्हणजे माझो डोळो...?"

"बरो आसा तुझो डोळो. माझी बंदूकच वाकडी आसा, मेल्या. सगळी वर्षां वाकडीच होती."

गुरुदासने खिशातला अर्ज काढला, चार घड्या केल्या आणि माझ्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्याला चप्पलही शोधता येत नव्हती, रिक्षात जागाच नव्हती.

ठाण्यात टेबलावर एक तरुण हवालदारीण होती. तिने विचारलं, "काका, आपापली बंदूक ओळखता ना?"

"नंबर वाचा, मॅडम," दोघे एका सुरात म्हणाले. "आमच्यावर विसंबू नका."

त्या संध्याकाळी भिकाजीने दारावरची कवड काढली, फडक्यात बांधली आणि नातीच्या हाती गुरुदासकडे पाठवली. अर्ध्या तासात ती कवड परत आली. सोबत गुरुदास स्वतः आला होता. अंगणातच उभं राहून एवढंच बोलला, पण त्या माणसाच्या मानाने ते भाषणच होतं.

"बंदूक माझी होती, भिक्या. पण नेम तुझो होतो. सरळ नळी पयल्यांदा गावली, आणि पयल्याच बाराक फोडलंस. ही तुझीच."

तो गेल्यावर भिकाजी कवड हातात धरून किती तरी वेळ उभा होता. सावित्रीवहिनी आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी तो कुंपणापाशी आला आणि मला म्हणाला, "मास्तरानू, ऐकलात? इतकी वर्षां माझो नेम बरो होतो."