एकोणीस नंबरच्या खोलीचे मार्क

मीटरताईंना घरी बोलवायचं म्हणजे भलेभले यजमान धसका घेतात. बाई दारातून आत आल्या की आधी छताकडे बघतात, मग ‘कसे आहात’ वगैरे. कारण अगदी साधं. आगीचा धूर ओळखणारं यंत्र कुठे बसेल आणि तिथून रेंज कुठवर जाईल, हे डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही. पण समोरच्याला हे कुठे ठाऊक असतं? त्याला वाटतं, बाई जळमटं शोधताहेत. त्यांच्या नणंदेने तर एकदा, या येणार म्हणून दोन दिवस शिडीवर काढले आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसली. मीटरताई आल्या, वर बघितलं आणि मनापासून म्हणाल्या, “छत छान सपाट आहे हो तुमचं, वन्सं!” नणंद अजून तो टोमणाच समजते.

त्यांचं काम असं आहे की सांगायला गेलं तर कुणाला ते काम वाटतच नाही. जुन्या इमारतींत भिंती फोडून वायरी टाकता येत नाहीत, तिथे बिनतारी फायर अलार्म बसवतात. खोलीखोलीत छताला एकेक यंत्र. धूर दिसला की ते खालच्या मुख्य पॅनेलला हवेतून निरोप धाडतं आणि सगळीकडे भोंगे बोंबलायला लागतात. आता हा निरोप नीट पोचतो, की वाटेत एखाद्या भिंतीत अडकून बसतो, ते सगळं बसवायच्या आधी तपासावं लागतं. त्यासाठी पॅनेलच्या जागी एक पेटी ठेवायची आणि छतापर्यंत पोचणारी लांब काठी घेऊन खोल्या फिरायच्या. काठीच्या टोकाला यंत्र, हातात मीटर. मीटरवर दहा किंवा त्याच्या वर आकडा आला तर खोली पास, खाली आला तर नापास. आकडा इमारतीच्या नकाशावर शाईने लिहायचा आणि पुढच्या दारावर टकटक करायची. हे सगळं त्या सतरा वर्षं करताहेत. लागल्या होत्या कंपनीत फोन उचलायला. आधीच्या सर्व्हेवाल्या काकांच्या गुडघ्यांनी जिन्यांपुढे हात टेकले, तेव्हा ‘एक दिवस काठी धरायला चला’ म्हणून ते यांना घेऊन गेले, आणि काका परत आले, काठी यांच्याकडेच राहिली.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त गॅसच्या शेगडीपाशी. नवरा साहेबांचा फोन कढईवर वाकून घेतो. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “आमची सून गावभर रेंज मोजत फिरते, आणि मला माझ्या बहिणीशी बोलायला फोडणीचा धूर खावा लागतो.”

मीटरताईंना राग एकाच गोष्टीचा, आणि तो म्हणजे उघड्या दाराचा. निरोप बंद दारातून पोचतो का, हे बघायचं असतं, आणि लोक अदबीने दार धरून उभे! “अहो, आग लागते तेव्हा ती काय पाहुणी म्हणून येते? लावा ते दार!” हे वाक्य त्या दिवसातून चाळीस वेळा म्हणतात.

तर अशा या मीटरताई त्या दिवशी वृद्धांच्या एका निवासगृहात पोचल्या. तळमजला आणि वर दोन मजले, चोवीस खोल्या, मधोमध जुनी लोखंडी लिफ्ट, जी पाय आपटल्याशिवाय हलत नाही. तिथले व्यवस्थापक कडक इस्त्रीचे गृहस्थ. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक नुसतं दिसायला. त्यांनी पॅनेलची जागा आधीच पक्की करून ठेवली होती: तळमजल्याच्या टोकाला, लिफ्टच्या मागे, स्वतःच्या केबिनमध्ये. सुताराकडून चौकट करून घेतली होती आणि चौकटीखाली त्यांच्या नावाची पितळी पाटीही बसली होती. पॅनेल यायचं होतं, पाटी आली होती.

“पेटी इथे ठेवा, मॅडम,” ते म्हणाले. मीटरताईंनी ठेवली. कुणी जिथे सांगेल तिथे पेटी ठेवायची, अशी त्यांची सतरा वर्षांची सवय होती.

गोंधळ सुरू झाला तीन नंबरच्या खोलीपासून. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी मीटरताईंच्या खांद्यावरून नकाशात डोकावून बघितलं.

“चौतीस? म्हणजे कसे?”

“चांगले, आजोबा. दहाला पास असतं.”

“म्हणजे मी तिप्पट पास!” पोस्टमास्तर म्हणाले आणि काठी टेकत बातमी वाटायला निघाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बातम्या पोचवण्यात गेलेला माणूस, आता स्वतःची मिळाली होती. पंधरा मिनिटांत सगळ्या निवासगृहाला कळलं की एक बाई आल्यात आणि खोल्यांना मार्क देताहेत.

मग काय विचारता! कुणी चादर बदलली, कुणी केस विंचरले. आठ नंबरच्या काकांनी चपला कपाटात कोंबल्या आणि मीटरसमोर ताठ उभे राहिले. अकरा नंबरच्या आजींना अठरा मिळाले. त्यांनी खिडकीच्या काचा पुसल्या आणि म्हणाल्या, “आता बघा बरं पुन्हा.” पुन्हा अठराच आले, तर म्हणाल्या की शेजारणीने दिवसभर रेडिओ लावून आपले मार्क खाल्ले. मीटरताईंनी दोनदा समजावून सांगितलं, की हा मान तुमचा नाही, भिंतींचा आहे. मग त्यांनी नाद सोडला. खरं सांगायचं तर त्यांना मजाच वाटत होती. सतरा वर्षांत त्यांच्या आकड्यांची इतकी किंमत कुणी केली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर एकोणीस नंबरला गणिताच्या बाई राहत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. उंच, सडसडीत, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. एकटीची खोली. एक भिंत भरून काळा फळा होता. रोज सकाळी त्या फळ्यावर एक अवघड गणित मांडत आणि संध्याकाळपर्यंत सोडवत. सुटलं की त्यांना कळे, की डोकं अजून आपल्याच ताब्यात आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीचं डोकं शेवटी शेवटी हातातून निसटलं होतं आणि ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्या फळ्याला त्या जिवापाड जपत.

काठी वर गेली. दाराशी पोस्टमास्तर आणि आणखी चौघं निकालासाठी ताटकळत उभे होते. पहिला आकडा आला चौदा.

“दार,” मीटरताई मागे न बघता म्हणाल्या.

दार लागलं. आकडा सातावर आला.

“किती?” बाईंनी विचारलं.

“सात,” मीटरताई म्हणाल्या.

दाराबाहेरून पोस्टमास्तरांचा आवाज आला. कान लावूनच उभे होते ते. “तीनच मार्कांचा तर प्रश्न आहे, ताई! टाका की ग्रेस!”

“खबरदार!” बाई कडाडल्या. “मी आयुष्यात कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही आणि घेणारही नाही.” मग मीटरताईंकडे वळून हळूच म्हणाल्या, “फेरतपासणी असते का गं तुमच्यात?”

असते. बाईंनी स्वतः ओढत पत्र्याची ट्रंक बाहेर काढली. लोखंडी खुर्ची काढली. शेवटी स्वतःही बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, कारण मीटरताईंनी सांगितलं होतं, माणसाच्या अंगातही रेंज अडते. दार लावलं. आठ.

“एक वाढला,” बाई म्हणाल्या, पण त्यांनाही ठाऊक होतं, नऊ मार्कांवरही नापासच असतं.

व्यवस्थापक वर आले. त्यांना यात काही अवघड वाटलंच नाही. “सोपं आहे. ही खोली बंद ठेवू. बाईंना खाली बारा नंबरात हलवू, तिथे एक पलंग रिकामा आहे.”

बारा नंबर म्हणजे ती रेडिओवाली शेजारीण. तिथे दोन पलंग, दोन कपाटं, आणि फळा लावायला हातभरही भिंत नाही. बाईंनी डस्टर उचललं, फळ्यावरच्या अर्ध्या सुटलेल्या गणिताकडे बघितलं आणि डस्टर परत ठेवून दिलं.

“हे संध्याकाळपर्यंत सुटलं असतं,” त्या म्हणाल्या.

मीटरताईंना एकदम भरून आलं. सात खोडून दहा लिहायला एक क्षण पुरला असता, पण खोट्या आकड्याचा हिशोब आगीतच होतो, आणि तो बाईंच्याच अंगावर आला असता. त्या जिन्यात जाऊन पायरीवर बसल्या. खाली वाकून बघितलं तर जिना सरळ मुख्य दरवाजापर्यंत मोकळा उतरत होता. आणि केबिन? ती त्या लिफ्टच्या लोखंडापलीकडे, दोन दारांच्या आत. पेटी तिथे का ठेवायची, हे आपण विचारलं होतं का? कधी तरी, कुठे तरी, कुणाला तरी विचारलं होतं का? मीटरताईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल असा.

त्या उठल्या, केबिनमध्ये गेल्या आणि पेटी उचलून जिन्याच्या पायथ्याशी, मुख्य दरवाजासमोर ठेवली.

“अहो, अहो! चौकट इथे आहे!” व्यवस्थापक मागे धावले.

“साहेब, दुपारी एक ते दोन तुमची केबिन बंद असते ना?”

“जेवणाची वेळ असते ती.”

“घोरण्याची पण,” जिन्यावरून पोस्टमास्तर म्हणाले.

“समजा, त्याच वेळी आग लागली,” मीटरताई म्हणाल्या. “अग्निशमनवाले आत आले. कुठल्या खोलीत लागली, ते पॅनेलवर लिहून आलंय आणि पॅनेल कुलपात. ते काय करतील? तुम्हाला उठवतील?”

साहेबांचा हात खिशातल्या दुसऱ्या, दिसायच्या पेनाकडे गेला. “पण पाटी...”

“पाटी दरवाजासमोर येईल. येणारा प्रत्येक माणूस आधी तुमचं नाव वाचेल.”

सुताराला लगेच फोन गेला.

पेटी हलली म्हणजे सगळ्या खोल्या पुन्हा मोजायच्या. मीटरताईंनी एक उसासा टाकला आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. पोस्टमास्तर चौतीसवरून एकवीसवर आले आणि त्यांनी पेपर कठीण होता म्हणून तक्रार केली. आजींचे अठराच राहिले. त्यांनी आता काचांना दोष दिला. साहेबांच्या केबिनला अकरा मिळाले, काठावर पास. हा आकडा मात्र पोस्टमास्तरांनी कुणी न सांगताच सगळीकडे पोचवला.

एकोणीस नंबर मीटरताईंनी शेवटी ठेवला होता. ट्रंक पुन्हा आत होती, खुर्चीही आत. त्यांनी काठी वर नेली आणि बाईंनी स्वतःच्या हाताने दार लावलं. आकडा स्थिर व्हायला तीन क्षण लागतात. त्या दिवशी ते फार लांबले.

“किती?”

“सोळा.”

“नीट बघ.”

“बघितलं, बाई. सोळा.” मीटरताईंनी तो आकडा बाईंच्या देखत शाईने लिहिला. त्यांना इतका आनंद झाला होता की अक्षर वाकडं आलं.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. त्या फळ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या. “ट्रंक आत. खुर्ची आत. मी आत. दार बंद. मग मी वेगळं काय केलं?”

“काहीच नाही. तुम्ही सकाळीही पासच होतात. निरोप इथून नीट निघत होता, पण ऐकणारी पेटीच लांब जाऊन लोखंडामागे बसली होती. ती चूक माझी. मी तिला जागेवरून उठवलंच नाही.”

बाहेर पोस्टमास्तर कुणाला तरी निकाल ओरडून सांगत होते.

“शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची,” बाई म्हणाल्या. “तोंडातल्या तोंडात बोलायची. मी टेबलाशी बसून प्रश्न विचारायचे, ती उत्तर द्यायची, ते मला ऐकू यायचं नाही. मी शून्य मांडायचे. तीन वर्षं. मधे फक्त आठ बाक होते गं. मी उठून गेले नाही.”

मीटरताईंनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या बाईंच्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

“इतक्या मुली पास केल्या,” बाई म्हणाल्या. “त्यांच्यातल्या एकीचं नाव विचार, सांगता यायचं नाही. तिचं मात्र आडनावासकट आठवतं.”