पान त्रेचाळीसची खूण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती आणि तिच्या बरोब्बर समोर लायब्ररी. जोगेश्वरी पूर्वेला तेव्हा अशा दोन-तीन लायब्रऱ्या होत्या. आमची म्हणजे एक गाळा, तीन भिंतींना कपाटं, मध्ये टेबल आणि टेबलामागे काका. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मी तिकडून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघते.

त्या लायब्ररीत मला एका मुलीचं वेड लागलं होतं. मुलगी पुस्तकातली. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहणारी, चौदा वर्षांची, दोन वेण्या, वडिलांची जुनी सायकल. गावात काही हरवलं, कोणी नाहीसं झालं की पोलिसांच्या आधी ही हजर. मालिकेचे भाग एकामागून एक येत होते आणि मी ते अधाशासारखी वाचत होते. मला त्या मुलीचा हेवा वाटायचा. तिच्या गावात रहस्यं होती. आमच्या गल्लीत कोणाकडे आज कसली भाजी आहे हेही सगळ्यांना माहीत असायचं, तिथे शोधणार काय?

मग माझी ताई घरातून गेली.

दिवाळीनंतर एका सोमवारी ती साकीनाक्याला ऑफिसला गेली आणि संध्याकाळी तिचा पप्पांना फोन आला की मी लग्न केलंय. पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मरोळला कामावर जाताना बूट घालता घालता ते म्हणाले, "तिला यायचं असेल तर ती येईल. इथून कोणी जायचं नाही." मुलगा कोण, कुठला, यावर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. आपल्याला विचारलं नाही, एवढंच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर घरात ताईचं नाव निघेनासं झालं. मी आठवीत होते. रात्री तिच्या बाजूची चादर मी विस्कटून ठेवायची, सकाळी आई ती गप्पपणे घडी करायची.

आता खुणांबद्दल सांगायला हवं. लायब्ररीतून पुस्तकं नेणाऱ्या बायकांना पुस्तकांची नावं लक्षात राहायची नाहीत. घरी नेऊन दहा पानं वाचली की कळायचं, अगंबाई, हे तर झालंय आपलं. म्हणून प्रत्येकीने आपलं एक पान ठरवलेलं असायचं आणि त्या पानावर बारीकशी खूण. पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की पुस्तक परत कपाटात. काका कुरकुर करायचे, पण त्यांचं कोणी ऐकत नसे. माझं पान तेरा, तीन टिंबं. ताईचं त्रेचाळीस. आकड्याभोवती पेन्सिलने गोल आणि गोलाला बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी.

मार्चमध्ये मालिकेचा पाचवा भाग आला. माझ्या हाती लागेपर्यंत तो दोन-तीन घरं फिरून आला होता. वाचता वाचता त्रेचाळिसाव्या पानावर पोचले आणि हात थांबला. गोल होता. शेपटीसकट.

पुस्तक मार्चमधलं, ताई गेलेली दिवाळीनंतर. म्हणजे ताई अजून या लायब्ररीत येत होती. आमच्या गल्लीपर्यंत येऊन, घराकडे न बघता परत जात होती. मला आनंदही झाला आणि इतका राग आला की मी ते पुस्तक भिंतीवर आपटलं.

मग मी तपास सुरू केला. वही केली. पुस्तकातली मुलगी जे जे करायची ते सगळं केलं. नवीन आलेली पुस्तकं चाळली, आणखी दोन पुस्तकांत शेपटीवाला गोल सापडला. काकांना आडून विचारलं तर म्हणाले, "कोण काय वाचतं ते मी सांगत नाही. उद्या तुझं तुझ्या पप्पांना सांगितलं तर चालेल का?" ताईचं कार्ड घरात आहे की नाही, हे बघणं मात्र मला सुचलं नाही. त्या मुलीने आधी तेच बघितलं असतं.

सहावा भाग आला तेव्हा मी काकांच्या मागे लागून पहिला नंबर लावला. एका दिवसात वाचला आणि परत करताना त्रेचाळिसाव्या पानात चिठ्ठी ठेवली. 'ताई, मी रोज पाच वाजता गिरणीपाशी असते. ये ना.' ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागली असती तर गल्लीभर बोभाटा झाला असता, पण माझी तेव्हा कशाचीच पर्वा करायची तयारी नव्हती. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. चिठ्ठी नव्हती. गोल होता.

त्या दिवसापासून मी रोज पाच वाजता गिरणीत. रोज दळायला काय न्यायचं हा प्रश्न होताच. मी आईला म्हटलं, ताज्या पिठाची भाकरी चांगली होते, थोडं थोडं दळून आणते. मला वाटलं होतं ती वेड्यात काढेल. पण ती रोज किलोभर ज्वारी डब्यात घालून देत राहिली. मी गिरणीच्या पायरीवर बसायची, केसांवर पीठ उडायचं आणि लायब्ररीच्या दारात पिवळी ओढणी दिसली की उठून उभी राहायची. ताईकडे पिवळी ओढणी होती. मुंबईत इतक्या बायका पिवळ्या ओढण्या वापरतात हे मला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी लायब्ररीतून आई बाहेर आली.

आई बालवाडीत मदतनीस होती. तिच्या हातात वर्तमानपत्राशिवाय वाचायचं दुसरं काही मी कधी पाहिलं नव्हतं. ती इकडेतिकडे न बघता सरळ रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली आणि पायरीवर बसली. पिशवीतून तिने माझी चिठ्ठी काढली. चार घड्या घातलेली.

"किती दिवस बसणार आहेस गं?" ती म्हणाली. "ती नाही यायची. पुस्तकं मी नेते. तिच्या कार्डावर."

मी म्हटलं, "मग खूण का केलीस?"

"करावी लागते ना? तिने आणलेल्या सगळ्या पुस्तकांत बघितली होती मी. म्हटलं ज्याचं कार्ड त्याची खूण, असा नियम असेल इथला. नाही केली तर काका विचारतील, हे कार्ड वापरतंय कोण."

आईने तो गोल शेपटीसकट घोटून घोटून शिकला होता. बालवाडीतली मुलं गेली की तिथेच बसून ती पुस्तक वाचायची, तिथल्याच कपाटात ठेवायची.

"पण तू नेतेस कशाला?"

"पाटी नाही वाचलीस? तीन महिने पुस्तक नेलं नाही की कार्ड बंद. उद्या ती आली आणि कार्ड बंद झालेलं असलं, तर तिला काय वाटेल? म्हणेल, यांनी काढूनच टाकलं मला." मग म्हणाली, "आणि पुस्तकातल्या त्या पोरीला हरवलेली माणसं बरोबर सापडतात ना सगळी. म्हटलं बघू, कशी शोधते."

मी रडायला हवं होतं, पण मी चिडले. स्वतःवरच चिडले होते आणि आईवर काढलं. "आई, शोधायचं काय त्यात? ती साकीनाक्याला आहे. ऑफिस आपल्याला माहीत आहे. इथून वीस मिनिटं लागतात."

आई माझ्याकडे बघत राहिली. गिरणी चालू होती म्हणून मी मोठ्याने बोलले होते, गिरणीवाल्यानेही वळून बघितलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला एकटीला जमत नव्हतं."

शनिवारी पप्पा कामावर गेल्यावर आम्ही दोघी निघालो. आईने शेंगदाण्याची चटणी कुटली होती, ताईला लागते तशी, लसूण जास्त. रिक्षात ती डबा मांडीवर धरून बसली होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी भांडायचं ठरवलं होतं. मग ठरवलं, नको, आधी मिठी.

औद्योगिक वसाहतीच्या गेटवर वॉचमनने अडवलं. वर जायला पास लागतो म्हणाला. आई हात जोडून उभी राहिली तेव्हा त्याने वरून ताईच्या ऑफिसातल्या एका बाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ताईचं नाक आणि माझं नाक एकच आहे.

"तुम्ही घरच्या ना?" त्या म्हणाल्या. "अहो, मागच्या महिन्यात नोकरी सोडली तिने. मिस्टरांना गुजरातेत काम मिळालं. पत्ता नाही दिला हो, नंबरही बदललाय."

त्या बाईंना वाईट वाटलं असावं, म्हणून त्या सांगत राहिल्या. "रोज लंचला खाली यायची. इथे गेटपाशी उभ्याने डबा खायची. आम्ही म्हणायचो, वर बस ना गं निवांत. तर म्हणायची, नको, आई आली तर वॉचमन तिला वर सोडायचा नाही."

आईने चटणीचा डबा त्या बाईंच्या हातात दिला आणि आम्ही परत आलो. पप्पांना आम्ही ते कधी सांगितलं नाही.

ताई चार वर्षांनी आली, पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा. बातमी कशी कळली कोण जाणे. पप्पांनी तिचा हात धरला आणि सोडेचनात. त्यानंतर ती येत राहिली. आता दर रविवारी फोन असतो, मे महिन्यात मुलांना घेऊन आठ दिवस राहते. पण आमच्या घरात ती पाणी घ्यायच्या आधी विचारते, घेऊ का? मला ते ऐकवत नाही. न विचारता माझं ताट ओढून घेणारी ताई मला अजून हवी आहे.

आम्ही तिघी बसलो की सगळं बोलतो. सासर, मुलं, पप्पांचं पथ्य. त्या गेटबद्दल मात्र आईने तिला कधी विचारलं नाही, मीही नाही. आम्ही शेवटी तिथे गेलो होतो, हेसुद्धा तिला माहीत नाही. सांगितलं तर ती विचारेल, कधी?