हलक्या गिअरला लागणारा जोर

माझा दादा तालमीतला. माती सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी त्याचा पंजा तसाच राहिला होता. एकदा जत्रेच्या फडात त्याला आधी ठरवून पडायला सांगितलं, तर हा लंगोटावरच आखाड्यातून उठून घरी चालत आला. असली नूरा कुस्ती तो लांबूनसुद्धा ओळखायचा. रविवारी आम्ही दोघं सायकली घेऊन गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचो आणि परत आल्यावर गवळ्यांच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो. तिथं कुणी ओळखीचं भेटलं की दादा हात मिळवायचा आणि समोरचा ‘आई गं’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. त्याच्या लेखी तो साधा नमस्कार होता.

म्हणून एका रविवारी चढावर तो ओरडला, “बारक्या, गिअर लई जड पडायलाय, केबल बघ जरा,” तेव्हा मी केबलच बघितली. आमच्या घरातला सायकलींचा मिस्त्री मीच.

केबल जड व्हायला फार काही लागत नाही. तार ज्या नळीतून जाते तिच्यात बावड्याकडची लाल माती पावसाबरोबर शिरते. नळीचं वळण आवळलं की तार घासते, टोक वाकडं कापलं तरी घासते. लोक वरून तेल ओततात, त्या तेलावर धूळ बसते आणि दुखणं वाढतं. मी जुनी नळी फेकून नवी घातली. टोकं कानशीनं सपाट केली, कापताना दबलेलं भोक दाभणानं मोकळं केलं आणि हँडलजवळ वळण जरा सैल ठेवलं. गिअर लोण्यासारखा पडू लागला. पुढचे दोन-तीन रविवार दादा खूश होता. मग पुन्हा तेच, जड पडतोय.

गिअरवरून आमच्यात जुनं भांडण. दादाच्या पहिल्या रेसिंग सायकलीला गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर होत्या. हँडल सोडून हात खाली न्यायचा आणि अंदाजानं दांडी ओढायची. सगळा हात कामाला लागायचा, म्हणून त्याला ती प्यारी. आताच्या सायकलीत गिअर ब्रेकच्या मुठीतच आहे. मुठीची पात आत ढकलली की साखळी मागच्या चाकाच्या मोठ्या चक्रावर चढते, म्हणजे गिअर हलका होतो. त्या पातीमागची बारकी पात दाबली की साखळी बारक्या चक्रावर उतरते, गिअर जड होतो. यात एक चावटपणा आहे. जड गिअर टाकायला टिचकी पुरते, पण हलका हवा असेल तर स्प्रिंगच्या विरुद्ध तार ओढावी लागते, त्याला जोर हवा. आणि माणूस हलका गिअर मागतो कधी, तर चढावर दम संपल्यावर. तिसरी जात बॅटरीवरची. बटण दाबलं की बारकी मोटर गिअर बदलते, तारेची भानगडच नाही. मी तिच्या बाजूचा. दादा म्हणायचा, “बटनच दाबायचं असंल तर मिक्सर घे की. सायकल कशाला पायजे?”

मी केबली बदलत राहिलो. मग एका सकाळी कट्ट्यावर त्यानं दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरलेला दिसला. ओळखीच्या एकानं हात पुढं केला, तर दादानं नुसता डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला. मी त्याच्या उजव्या हाताकडं नीट बघितलं, तर अंगठ्याजवळचं मांस आत बसून तिथं खळगा पडला होता.

“डॉक्टरला दाखवू या,” मी म्हटलं.

“मेहनत कमी पडलीय. दुसरं काय न्हाय.”

तालमीतल्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर मेहनत हेच औषध वाटतं. तो दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायला लागला. जितका दाबायचा तितका हात गळायचा, आणि हात गळाला की आणखी दाबायचा. मला त्या चेंडूचा राग यायचा. खरं तर मी घाबरलो होतो.

शेवटी मी सगळंच नवं घातलं. तार, नळी, तळाशी तार जिथून वळते तो प्लास्टिकचा तुकडासुद्धा. तार आवळण्याआधी दोन बोटांनी ओढून बघितली, कुठंही अडकत नव्हती. दादाला बोलावलं. सायकल स्टँडवर होती, मी हातानं पायडल फिरवलं आणि त्यानं पात ढकलली. ती निम्म्यात गेली आणि परत आली. त्यानं मनगट लावलं, मग खांदा लावला. साखळी होती तिथंच फिरत राहिली.

“जडच हाय. तू बघ बरं.”

मी बोट ठेवलं. पात अलगद आत गेली असती, हे मला पहिल्या स्पर्शालाच कळलं. मी ओठ आवळले, मनगट ताणलं आणि निम्म्यात थांबलो.

“व्हय दादा, जड हाय. नळीच खराब लागली असणार.”

तो माझ्या बोटाकडं बघत राहिला.

“नूरा करालायस व्हय माझ्यासंगं?”

एरवी त्याचं साधं बोलणंसुद्धा गल्लीला ऐकू जायचं. हे तो इतक्या हळू बोलला की मला रडूच फुटलं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात मुठीवरून काढला आणि पोटाशी धरला.

“उद्या डॉक्टरकडं जाऊ,” तो म्हणाला. “आणि ते बटनाचं मागीव.”